गवत कापणीचं कोटेशन: भाव ठरवायचा कसा?

पावसाळ्यात शाळा, आश्रमशाळा, दवाखाना, सोलरचे प्रकल्प, सगळीकडे गवत कमरेएवढं होतं आणि मग कापायला माणसं शोधतात. हे काम बचत गटांना जमतं. अडतं ते कोटेशनपाशी. 'बाकीचे काय भरतात ते बघू, त्यात शंभर कमी करू' असं म्हणून आकडा लिहिला की मजुरीसुद्धा सुटत नाही.

आधी जागा पायी फिरून बघा. दोघी जा, टेप न्या. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, पण इमारत, रस्ता, अंगण वजा केलं तर कापायला उरतात समजा ६० गुंठे. दगड किती, तार कुठे, उतार आहे का, हे तिथंच लिहा. गाजर गवत जास्त असेल तर ते चाऱ्याला चालत नाही, अंगाला खाज येते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. चांगला चारा असेल तर तो कोण नेणार, तेही आत्ताच विचारा. चारा गटाला मिळणार असेल तर भाव थोडा कमी केला तरी परवडतो.

आता हिशोब. आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. ब्रश कटर दिवसाला १५ गुंठे कापतं असं धरलं, तर चार दिवस. चालवणारीचे रोज ७०० म्हणजे २,८००. मशीनचं भाडं रोज ५०० म्हणजे २,०००. पेट्रोल १२ लिटर, १,२६०. गवत गोळा करायला तिघी, रोज ४०० प्रमाणे ४,८००. दोरी, पातं, हातमोजे ६००. झाले ११,४६०. पाऊस लागून काम थांबतं, मशीन बिघडतं, त्याला दहा टक्के. गटाच्या खात्यासाठी आणखी दहा टक्के. म्हणजे एका कापणीचे साधारण १३,७५०. यातली मजुरी कमी करून भाव पाडू नका. घरच्या बाईचं काम म्हणून फुकट धरायची सवय आपल्यालाच जास्त आहे.

खरी गोम पुढे आहे. गवत किती वेळा वाढेल हे पावसावर. अमेरिका, कॅनडात रस्त्यावरचं आणि अंगणातलं बर्फ काढणाऱ्यांनाही हीच अडचण असते. कोणी दर फेरीला पैसे घेतात, कोणी पूर्ण हिवाळ्याचा एकच ठोक आकडा ठरवतात. ठोकात बर्फ कमी पडलं तर फायदा, जास्त पडलं तर आपल्याच अंगावर. म्हणून ठोक भरायचं असेल तर लिहा: 'जुलै ते ऑक्टोबर तीन कापण्या, एकूण ४१,२५०. चौथी लागल्यास १३,७५० वेगळे.' ही एक ओळ विसरली तर चौथी कापणी फुकट करावी लागते.

दर वेळी नव्याने बसू नका. दराचं पान एकदाच करून ठेवा, मग फक्त गुंठे बदलायचे. एका फाईलमध्ये गटाचा ठराव, पासबुक, पॅन आणि उद्यम नोंदणीच्या झेरॉक्स तयार ठेवा. उद्यम नोंदणी मोफत होते. पैसे मागणाऱ्याला देऊ नका. नुसत्या सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. काम झालं की वहीत लिहा: खरे किती दिवस लागले, पेट्रोल किती गेलं. पुढच्या वर्षी तीच वही अंदाजापेक्षा खरी.

बिल किती दिवसांत मिळेल हेही कोटेशनमध्ये लिहा. बायकांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते आणि बिल दोन महिने अडकू शकतं. तेवढी रक्कम गटाकडे नसेल तर काम लहान घ्या. आणि लिफाफा देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.