दुधाळ लघवीचे निदान
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गुडघा दुखू लागला की ती वार्ता दुकानापासून देरासरापर्यंत पोहोचते. लघवीचा रंग बदलला तर तो घरच्या माणसांनाही कळू दिला जात नाही. मूत्रवहसंस्था व पुरुषांची जननसंस्था यांचे जे विरळ विकार आहेत, त्यांचे निदान लांबण्यास त्यांची दुर्मीळता कारणीभूत आहेच. परंतु रुग्णाचे मौन हे त्याहून मोठे कारण आहे. त्यातील एक विकार येथे विस्ताराने पाहावयाचा आहे. तो म्हणजे दुधाळ लघवी. वैद्यकात त्यास कायलुरिया म्हणतात.

एखाद्या सकाळी लघवी ताकासारखी वा दुधासारखी पांढरी होते. ताप नसतो, बहुधा जळजळही नसते. काही दिवसांनी ती आपोआप निवळते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पांढरी होते. अशा वेळी पुरुषाच्या मनात पहिला विचार येतो तो 'धातू जात असल्याचा'. ही भीती आपल्या देशात इतकी रुजलेली आहे की, मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. तेथे शरीरात बहुधा दोष नसतो, भय मात्र खरे असते. कायलुरियात दोष खरा असतो. दुर्दैवाने दोन्ही प्रकारचे रुग्ण रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील 'गुप्तरोगांवर खात्रीचा इलाज' वाचून एकाच दारी जातात, व तेथे शक्तिवर्धक पाक आणि तुपातील अवलेह घेऊन परततात. धात सिंड्रोमच्या रुग्णाचे त्यात केवळ द्रव्य जाते. कायलुरियाच्या रुग्णास ते तूप प्रत्यक्ष अपाय करते, तो कसा हे पुढे स्पष्ट होईल.

या पांढऱ्या रंगाचा उगम बहुतांशी हत्तीरोगाच्या जंतात आहे. १८६६ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे डॉ. ओटो वुखरर यांना अशाच दुधाळ लघवीत सूक्ष्म कृमी दिसले. आपल्या देशात कलकत्ता येथे डॉ. टिमोथी लुईस यांनी १८७० मध्ये ते लघवीत व १८७२ मध्ये मानवी रक्तात पाहिले. पुढे १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉ. जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला जंत सापडला, आणि १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखविले. म्हणजे ज्या लघवीची लाज वाटून रुग्ण ती लपवितो, तिच्याच तपासणीतून एका मोठ्या रोगाचा छडा लागला. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांना हत्तीरोग अपरिचित नाही. व्यापारानिमित्त वा नात्यागोत्याने तिकडे दीर्घकाळ राहून आलेल्याने डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण संसर्ग आणि लक्षण यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते.

आता त्या तुपाविषयी. अन्नातील स्निग्धांश पचल्यावर आतड्यांतून रसवाहिन्यांद्वारे रक्ताकडे जातो. जंतांमुळे या वाहिन्या फुगतात, त्यांतील झडपा निकामी होतात, तो रस उलटा मूत्रपिंडाकडे वळतो आणि तेथील नाजूक वाहिनी फुटून लघवीत मिसळतो. ती पांढरी धार म्हणजे धातू नव्हे, तर जेवणातील तूप-तेल होय. त्याबरोबर प्रथिनेही वाहून जातात; माणूस खंगत जातो, आणि कधी लघवीत गुठळ्या होऊन ती अडते. आयंबिलाच्या ओळीत घी, तेल, दूध वर्ज्य असल्याने अशा रुग्णाची लघवी निवळू शकते व पारण्यानंतर पुन्हा पांढरी होऊ शकते. हा अनुभव आला असल्यास तो डॉक्टरांच्या कानी घालावा, कारण निदानास ती मोलाची खूण आहे. लघवी निवळली म्हणून रोग गेला, असे मात्र समजू नये.

प्राथमिक परीक्षा साधी आहे. प्रयोगशाळेत गढूळ लघवीत ईथर मिसळून हलविल्यास स्निग्धांश त्यात विरघळतो व लघवी स्वच्छ होते. ॲसेटिक आम्लाने ती स्वच्छ झाली तर तो केवळ फॉस्फेट क्षार असतो, आणि त्याची सहसा चिंता नसते. दोहोंनी न निवळल्यास पू असण्याचा संशय घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लघवीतील ट्रायग्लिसराइड मोजले की खात्री पटते. रक्तातील कृमींसाठी नमुना रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घ्यावा लागतो, कारण दिवसा ते फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत दडून बसतात. आता प्रतिजन-कार्डाची तपासणी दिवसाही होते. तथापि लघवी दुधाळ होईपर्यंत रक्तातील कृमी पुष्कळदा नाहीसे झालेले असतात. म्हणून 'रक्तात काही नाही' एवढ्यावर थांबू नये. गळती उजव्या मूत्रपिंडातून की डाव्या, हे दुर्बिणीने पाहता येते. पुष्कळांना स्निग्ध वर्ज्य व डाळींनी युक्त आहार आणि औषध यांनीच आराम पडतो. उरलेल्यांना दुर्बिणीद्वारे मूत्रपिंडाच्या पोकळीत औषध सोडून गळती बंद करता येते. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

हाच जंत पुरुषांत अंडवृद्धीसही कारण होतो. कापडाची वीण पाहण्यास ताका उजेडासमोर धरतात, तद्वत् अंधाऱ्या खोलीत सुजेमागे विजेरी धरतात. आत पाणी असेल तर सूज तांबूस उजळते. उजेड आरपार न गेल्यास, विशेषतः तरुणाच्या वृषणात न दुखणारी कठीण गाठ लागल्यास, त्याच आठवड्यात सोनोग्राफी व रक्तातील अर्बुददर्शक तपासण्या कराव्यात. अशा गाठीत बाहेरून सुई घालू देऊ नये.

मूत्रमार्गाचा क्षयही असाच फसवा आहे. वारंवार लघवी, कधी तीत रक्त. तपासणीत पूपेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. प्रतिजैविकांचे एकामागून एक डोस होतात. त्यांतील काही क्षयजंतूंना तात्पुरते दाबतात, त्यामुळे निदान अधिकच लांबते. इकडे मूत्रवाहिनी आकसून मूत्रपिंड गाजावाजा न करता निकामी होऊ शकते. पुरुषांत शुक्रवाहिनीला माळेच्या मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, आणि काहींना अपत्य न होणे हीच पहिली तक्रार असते. त्या वेळी दोष सुनेच्या माथी मारून तिच्याच तपासण्या सुरू होतात, हे निखालस अन्यायाचे आहे.

या क्षयासाठी लागोपाठ किमान तीन दिवस सकाळची पहिली लघवी तपासतात. जनुकीय चाचणीचे उत्तर काही तासांत येते. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून दोन्ही एकदमच पाठवावीत. बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली असावी. घरातील तेलाची वा औषधाची जुनी बाटली धुऊन नेल्यास तिच्या कडांना राहिलेला ओशटपणा ईथरच्या परीक्षेत दिशाभूल करतो, आणि साऱ्या खटाटोपाची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.