कार्ड काढू का?

गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीकडे जोगेश्वरीला गेलो होतो. चहा पुढे ठेवता ठेवता भाचीने विचारलं, "मामू, कार्ड काढू का?" आपाच्या घरात कार्ड म्हणजे रेशन कार्ड नव्हे, युनियनचं कार्ड. भाचीने मेकअपचा कोर्स केलाय आणि दीड वर्षापासून ती मालिकांच्या सेटवर मदतनीस म्हणून जाते.

हा शब्द त्या घरात आला तो तिच्या अब्बांमुळे. ते लाइटमन होते. स्टुडिओच्या छताजवळ फळ्यांवर बसून खाली नायिकेचा चेहरा उजळायचा, हे त्यांचं काम. सुरुवातीला त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. एका निर्मात्याने बावीस शिफ्टचे पैसे 'पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात' करत बुडवले. हातात कागद नाही. तीनदा ऑफिसच्या पायऱ्या चढले, चौथ्यांदा शिपायाने वर सोडलं नाही. त्या ईदला मुलांना नवे कपडे झाले नाहीत. मग उसनवारी करून त्यांनी कार्ड काढलं. पुढे पुन्हा पैसे अडकले, तेव्हा युनियनचे दोघे सोबत गेले. निम्मे त्याच दिवशी मिळाले, उरलेले महिन्याभरात.

मी कविता लिहितो. मानधन बुडालं तर फार तर आणखी एक कविता लिहितो. लाइटमनला ती सोय नाही.

लेखी करार हवा, असं 1981 च्या सिनेकामगार कायद्याने सांगितलं होतं. पण कायदा सेटवर आपल्या पायांनी चालत येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं. ऑक्टोबर 2008 मध्ये कामगारांच्या महासंघाने संप केला, मुंबईतली चित्रीकरणं थांबली. वेळेवर पगार आणि कामाचे ठरलेले तास, हेही त्यातलं मागणं होतं.

तरीही भाचीला मी लगेच 'हो' म्हटलं नाही. तिच्याच कामाच्या संघटनेने पन्नासहून अधिक वर्षं बाईला मेकअपचं कार्ड दिलं नव्हतं. केशरचना बाईची, रंगभूषा पुरुषाची, असा शिरस्ता. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या, तेव्हा 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव मोडीत काढला. 2017 मध्ये स्पर्धा आयोगानेही, फक्त सभासदांनाच काम द्या असा हट्ट धरायला संघटनांना मनाई केली. ज्यांनी एकजुटीने मालकाचं दार ठोठावलं, त्यांनीच आपलं दार लावून घेतलं होतं.

"म्हणजे नको काढू?" भाची हिरमुसली.

"काढ," मी म्हटलं. "पण आधी नियमांचं पुस्तक माग. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घे. सभेला जा, मागच्या खुर्चीवर बसू नकोस. आणि उद्या एखादी पोर दाराबाहेर उभी दिसली, तर तिच्यासाठी हात वर कर. कोर्टात जाणाऱ्या बायकांमुळेच तुला आज हा प्रश्न विचारता येतोय."

आपा इतका वेळ गप्प होती. ती उठली, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि लेकीपुढे ठेवली. आत भाईजानचं जुनं कार्ड होतं. फोटो पार पुसट झालेला. खाली सुतळीने बांधलेल्या पावत्या होत्या, पहिल्या वर्षापासूनच्या, एकही न हरवलेल्या.

भाचीने त्या मोजायला घेतल्या.