परदेशातील घर, तबकडी आणि घरमालकांचा संघ
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेव्हा माझा विषय दूरदेशीचा असला, तरी परका नाही.

२००८ साली माझ्या मुलाने तिकडे ओळीतल्या घरांपैकी एक घर विकत घेतले. त्याची आई सहा महिने तेथे राहावयास गेली. दिवसभर मुले कामावर, शेजारी बोलावयास कोणी नाही. मराठी शब्द कानी पडावा म्हणून मुलाने स्वतःच्याच सज्जाच्या कठड्यास उपग्रहाची लहानशी तबकडी बसविली. आठ दिवसांत घरमालकांच्या संघाचे पत्र आले. हा संघ म्हणजे आपल्याकडील हाउसिंग सोसायटीसारखाच, किंबहुना अधिक कडक. पूर्वपरवानगी नाही, घरांच्या शोभेस बाध येतो, सबब तबकडी काढावी, अन्यथा दंड! मुलगा भिडस्त. त्याने त्याच सायंकाळी ती उतरविली, आणि उरलेले पाच महिने ती माउली खिडकीतून मोकळ्या रस्त्याकडे पाहत बसली. कायदा काय म्हणतो हे पाहण्याचे आम्हां कोणासही सुचले नाही, ही चूक मी येथे कबूल करतो.

कायदा आमच्या बाजूचा होता. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात यासाठी २०७ वे कलम घातले आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा नियम त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमलात आला. एक मीटर अथवा त्याहून कमी व्यासाची तबकडी आपल्या मालकीच्या व केवळ आपल्याच वापराच्या जागेत बसविण्यास संघाला विनाकारण विलंब लावता येत नाही, खर्च वाजवीपेक्षा वाढविता येत नाही, वा चित्र नीट दिसणार नाही असा आडकाठीचा नियम करता येत नाही. केवळ शोभेसाठी पूर्वपरवानगीची अट घालणे या नियमात बसत नाही. १९९९ पासून भाडेकरूंनाही स्वतःच्या सज्जापुरते हे संरक्षण मिळाले. २००१ पासून इंटरनेटच्या तबकडीसही.

मात्र संघ सर्वस्वी निःशस्त्र आहे, असे कोणी समजू नये. सामाईक छप्पर, सामाईक भिंत येथे हा नियम आपले रक्षण करीत नाही. आगीच्या वेळी सुटकेची वाट अडत असेल, वा वास्तू ऐतिहासिक म्हणून नोंदलेली असेल, तर निर्बंध चालतो. पण तो योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार संघावर असतो. प्रकरण कमिशनपुढे वा न्यायालयात चालू असता, सुरक्षिततेसारखे कारण नसल्यास, दंड वसूल करता येत नाही. निकाल विरुद्ध गेला, तरी पालनासाठी निदान २१ दिवसांची मुदत मिळते.

म्हणून असे पत्र आल्यास प्रथम जागा कोणाची ते पाहावे आणि मनाईचे कारण लेखी मागावे. भांडण करण्याची गरज नाही. शेजाऱ्यांशी पुढे वर्षानुवर्षे राहावयाचे असते.

आमचे ते पत्र मुलाने जपून ठेवले होते. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी ते पुन्हा वाचले. त्यात सुरक्षिततेचा एक शब्दही नव्हता.