बाळाचे वजन आणि तीन पिढ्या



भोसरी-चाकणच्या कारखान्यांपायी मोशीत बिऱ्हाड केलेल्या घरात बाळ जन्मते, सव्वादोन किलो भरते आणि ठपका सुनेवर येतो : ‘नऊ महिने हिने नीट खाल्ले नाही.’ अडीच किलोच्या खालचे मूल कमी वजनाचे, ही वैद्यकाची रेघ खरी. परंतु हा हिशेब नऊ महिन्यांचा नव्हे. आई स्वतः किती वजनाची जन्मली, तिची उंची किती वाढली, यावर बाळाचे वजन पुष्कळ अवलंबून असते. मुलगी आईच्या उदरात असतानाच तिची बीजांडे तयार होतात. म्हणजे आपले प्रत्येकाचे बीज आजीच्या पोटात पडलेले! मराठवाड्यातून आलेल्या आजच्या कित्येक बाळंतिणींच्या आया १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मल्या. त्यांच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या. तेव्हा ठपका द्यायचाच तर विहीणबाईंच्या आईपर्यंत जावे लागेल, आणि तेथे दुष्काळ उभा आहे.

गाव सोडल्याने हे लगेच पुसले जात नाही. विलायतेत स्थायिक झालेल्या हिंदी कुटुंबांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तेथेच जन्मून वाढलेल्या मुलींची बाळेही बाहेरून आलेल्या स्त्रियांच्या बाळांपेक्षा वजनाने वाढलेली आढळली नाहीत.

आपल्याच पुणे जिल्ह्यात १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. नवल पुढेच आहे. आपली बाळे हडकुळी खरी, पण मांस कमी असूनही चरबी त्या मानाने राखून होती. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचे भय अधिक. म्हणून त्याला डबे कोंबून घाईने गुबगुबीत करणे हा उपाय नव्हे, हे आज्यांनी ध्यानात घ्यावे.

पालेभाजी, दूध, फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे मोठी भरली. कष्टाच्या ओझ्याखालच्या मातांची लहान. अनेक मातांत ब१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. मग मातेला गरोदरपणी गोळ्या देऊन भागेल काय? थोडे भागेल, पण गर्भाची घडण पहिल्या आठवड्यांतच सुरू होते, आणि तोवर पुष्कळदा सुनेला दिवस गेल्याचेही कळलेले नसते! याकरिता याज्ञिकांच्या मंडळींनी २०१२ पासून, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, लग्नाआधीच, ब१२ देण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांच्या बाळांचीही वजने घेतली गेली. मुलगी अजून माहेरीच असते, भाऊ जेवल्यावर उरलेल्या कालवणाशी भाकरी खाते, ते वय हेच.