अडलेला काटा



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती गैर नाही. आज मात्र मी पोटाविषयी बोलणार आहे. रिकाम्या पोटावर आमची चळवळ शंभर वर्षे बोलत आली. वाढलेल्या पोटावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या कामगाराविषयी मात्र ती गप्पच असते. त्यातही शस्त्रक्रियेनंतर काही महिने झरझर उतरणारे वजन एके दिवशी जागच्या जागी थांबते, त्या थांबण्याविषयी मला बोलावयाचे आहे.

मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा कोणी आपले औषध माझ्या भाषणावरून बदलू नये. पण आमच्या सभासदांपैकी काहींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्याबरोबर दवाखान्यांत बसण्याचा प्रसंग आला आणि बसल्या बसल्या वाचन झाले.

या शस्त्रक्रियेला बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. तिचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे आजची बायपास. दुसरी पद्धत ‘स्लीव्ह’ची. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून टाकतात आणि उरलेले जठर सदऱ्याच्या बाहीसारखे अरुंद राहते. यात केवळ पिशवी लहान होते असे नव्हे. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तो भाग स्लीव्हमध्ये जातो. बायपासनंतर आतड्यातून ‘पुरे’ असा निरोप मेंदूला देणारी संप्रेरके वाढतात. म्हणून पहिले काही महिने माणूस कमी खातो आणि त्याला त्याचे फारसे दुःखही होत नाही.

मग काटा अडतो. डॉक्टर मंडळी याला ‘प्लॅटो’ म्हणतात, म्हणजे पठार. घाट उतरणाऱ्या माणसाला मध्येच पठार लागावे, तसे हे आहे.

पहिला थांबा फार लवकर, कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येतो आणि लोक घाबरतात ते यालाच. त्याचे कारण साधे आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडासा साठा ठेवते. त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपासाच्या पहिल्या दिवसांत हा साठा व त्याचे पाणी निघून जाते आणि काटा भराभर खाली येतो. पुढे तो साठा थोडा भरून निघतो, पाणी परत येते, आणि आत चरबी जळत असतानाही काटा हलत नाही. याला उपाय एकच, दम धरणे. रोज सकाळी काट्यावर चढणाऱ्या माणसाला ते जमत नाही, म्हणून आठवड्यातून एकदाच वजन करावे.

खरा प्रश्न पुढच्या थांब्याचा आहे. तो सहा महिन्यांनी, नऊ महिन्यांनी, वर्षाने येतो. याचे कारण मला आमच्या धंद्याच्या भाषेत चटकन समजले. मालकाने पगार कापला की कामगार काय करतो? उघड संप करण्याचे बळ नसेल तर तो ‘गो-स्लो’ करतो. यंत्र चालू असते, माणूस जागेवर असतो, पण उत्पादन घटते. शरीरही शिधा कापल्यावर हेच करते. विद्यापीठात सिद्ध झालेली गोष्ट आहे ही! १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी युद्धात लढण्यास नकार देणाऱ्या ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. त्यांना थंडी वाजे, पाय जड होत आणि डोक्यात अन्नाखेरीज दुसरा विचार नसे. अलीकडे, २०१६ साली, अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी प्रसिद्ध झाली. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. आणि तरीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. या माणसांना आळशी म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

शिवाय साधा हिशेब आहेच. प्रचलित सूत्राप्रमाणे वजनातील प्रत्येक किलोमागे शरीराचा विश्रांतीचा खर्च दिवसाला सुमारे १० कॅलरी धरतात. ३७ किलो उतरले की रोजचा खर्च ३७० कॅलरींनी आपोआप कमी झाला. ज्या जेवणावर पूर्वी वजन घटत होते, त्याच जेवणावर ते आता स्थिर राहते.

आता एका माणसाची हकीकत सांगतो. तो कारखान्यात टर्नर आहे. नाव सांगत नाही. वजन १३८ किलो, मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा विकार. स्लीव्ह झाल्यावर नऊ महिन्यांत तो १०१ किलोवर आला आणि तिथे अकरा आठवडे अडकला. कँटीनमध्ये थट्टा सुरू झाली. त्याने दुपारचे जेवण सोडले आणि डॉक्टर रागावतील म्हणून तपासणीला जाणेही सोडले. मला म्हणाला, “दादा, एवढे पोट कापून घेतले, आता कापायला काय उरले?” मी त्याला म्हटले, “वाटाघाटी अडल्या की आपण टेबल सोडून जातो का? चल.” आणि त्याला घेऊन गेलो.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाई आमच्या युनियनमध्ये शोभल्या असत्या. त्यांनी उपदेश केला नाही, कागद मागितला. सात दिवस जे तोंडात जाईल ते वेळेसह लिहून आणा, म्हणाल्या. त्याने लिहिले. जेवण तर चिमणीएवढे होते. पण रात्रपाळीत जागे राहण्यासाठी चहाचे सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. साखरेच्याच दोनशेहून अधिक कॅलरी झाल्या, दूध वेगळे. चहाबरोबर मूठभर फरसाण. अरुंद जठराची गंमत अशी की डाळ-भाजी-अंडे यांनी ते लगेच भरते, पण चहा, सरबत, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारे फरसाण हे सारे नळातून जावे तसे खाली जाते आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. उलट प्रथिने, जी अशा रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी हवीत, ती त्याच्या कागदावर तीसच्या आसपास भरली. प्रथिने कमी आणि हालचाल कमी असली म्हणजे शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. स्नायू घटले की खर्च आणखी घटतो. म्हणजे जेवण सोडून त्याने गो-स्लोला खतपाणीच घातले होते.

डॉक्टरांनी रक्त तपासले: थायरॉइड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व. मधुमेहाची औषधेही पुन्हा पाहिली, कारण इन्शुलिन व काही गोळ्या वजन वाढवतात आणि वजन उतरल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागते. पण ती डॉक्टरांनीच बदलावयाची. आहार असा ठरला: प्रत्येक जेवणात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत सुमारे वीस. अशी बेरीज तो आता लेथवरच्या मापांसारखी तोंडपाठ करतो. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने घोट घोट. चहा दोनच, बिनसाखरेचे. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबस आणि रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम.

पहिले चार आठवडे काटा ढिम्म हलला नाही. मात्र पट्ट्याला एक नवे भोक पाडावे लागले. पुढे पाच महिन्यांत तो ९४ वर आला आणि तिथे पुन्हा थांबला. आजही तिथेच आहे. मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या आहेत, रात्री झोप लागते.

हे शेवटचे थांबणे हार मानावे काय? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. याचा अर्थ, थांबणे आणि थोडे परत चढणे हा नियमच आहे. डॉक्टरांना वाटले तर आता नवी इंजेक्शने आहेत, क्वचित पुन्हा शस्त्रक्रियाही करतात. पण ते पुढचे, आणि खर्चाचे. केवळ किलोंवर सारे ठरतही नाही. २००४ साली आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच; चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याला हे दिसत नाही. कमरेच्या फितीला थोडेफार दिसते.

दारूविषयी स्पष्ट बोलतो, कारण आमच्यात ती आहे. या शस्त्रक्रियांनंतर दारू पटकन व जास्त चढते, आणि बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला आढळला आहे. वजन अडले म्हणून निराश झालेला माणूस नेमका त्याच सुमारास तिथे वळतो. सतत उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, दृष्टी दुहेरी होत असेल, तर वजनाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

उरला कामाच्या जागेचा प्रश्न, आणि तो माझा हक्काचा विषय. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होता. मग १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी असल्याचे आढळले. पहिल्या निष्कर्षावर टाळ्या पडल्या असताना दुसरा शोधण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. त्याच वर्षी ज्याँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील ताग गिरणीतील २१३ कामगारांचा अभ्यास छापला. जड काम करणारे भरपूर खात आणि सडपातळ असत. बैठे कारकून व दुकानदारही तेवढेच खात, पण वजनाने भारी असत. भूक श्रमाच्या मानाने घटते, पण एका मर्यादेपर्यंतच; तिच्याखाली श्रम गेले की ती हिशेब सोडते.

मग ज्या माणसाला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे, वीस मिनिटे चावून खावयाचे आहे, त्याला आठ तासांत अर्ध्या तासाची एकच सुटी देऊन कसे चालेल? कँटीनमध्ये उकडलेले अंडे नाही, वडा मात्र आहे. रात्रपाळीनंतर पाच तासांची झोप, आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. हे एकट्याच्या निग्रहाने सुटणारे नाही. आम्ही टर्नरच्या व्यवस्थापनाला पत्र दिले, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आणि तीन मागण्या केल्या: रात्रपाळीतून वर्षभर सुटका, पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन जादा सुट्या, आणि कँटीनमध्ये अंडी व उसळ. सुट्या मिळाल्या. अंडी मंगळवारी आणि शुक्रवारी मिळू लागली आहेत. रात्रपाळीवर पुढची बैठक सोमवारी आहे.