वेठ कोणाची लाज?
(सिरोंचा येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपल्या सिरोंच्याच्या घाटावरून प्राणहितेचा पलीकडचा कांठ दिसतो. तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. आपला हा कांठही १८६० पर्यंत त्याचाच. आपल्या सोयरिकी तिकडच्या, म्हणून तिकडची वेठ ही आपल्याच घरची हकीकत होय. तेलुगूंत तिला वेट्टी म्हणत. कुंभारानें मडकीं फुकट द्यावीं, परटानें धुणें धुवावें, चांभारानें जोडे द्यावे, कुणब्यानें स्वतःचें वावर टाकून आधीं दोराचें, म्हणजे गांवच्या जमीनदाराचें, नांगरावें. आणि दोराची लेक सासरीं निघाली कीं भांड्याकुंड्यांबरोबर गरिबाची लेकही दासी म्हणून धाडावी! तिला लग्न नाहीं. त्या घरच्या पुरुषांनीं तिला वापरावें. पेशवाईंतही बटकी व कुणबिणी विकत घेतल्या जात, तेव्हां मराठी मुलखानें निजामाला हंसण्याचें कारण नाहीं.

गुलामावरील मालकीचा हक्क कोर्टानें मानूं नये, असा कायदा १८४३ सालीं झाला. पण माणूस कर्जानें बांधलेला राहिला. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली, आणि ज्या कर्जापायीं माणूस बांधला गेला तें कर्जही रद्द झालें.

कर्ज रद्द झालें, पण घरांतलें भय रद्द झालें काय? म्हातारा आजही साहेबापुढें खुर्चीवर बसत नाहीं. कागद दिसला कीं आंगठा मुठींत लपवितो. नातवंडानें "पणजीचें माहेर कोणतें?" असें विचारलें कीं सारें घर गप्प होतें. आम्हीं शाळेंत वाडवडिलांची माहिती विचारून आणा म्हटलें, कीं कित्येक मुलें वही कोरी घेऊन येतात. आणि ज्यांनीं वेठ घेतली, त्यांचे नातू पाहुण्यांस वाडा हौसेनें दाखवितात! लाज कोणाला वाटावी आणि वाटते कोणाला? त्या पोरीनें काय गुन्हा केला होता, कीं तिच्याच रक्तामांसाच्या माणसांनीं तिचें नांव पितरांतून गाळावें?

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें, हें आपण ऐकलें आहे. पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. त्याच अमेरिकेंत १९३६ ते १९३८ या सालांत सरकारनें माणसें पाठवून, एकेकाळीं गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्यांच्या हकीकती लिहून घेतल्या. मार किती बसला, आई कोठें विकली, जेवायला काय मिळे, सगळें. उशीर झालाच होता. पुष्कळांस फक्त लहानपणचेंच आठवत होतें. तरी तेवढें राहिलें.

आपल्याकडे सरकारी माणूस येईल म्हणून वाट पाहत बसूं नका. ज्यांनीं वेठ डोळ्यांनीं पाहिली ते आतां थोडे उरले आहेत. आज रात्रीं जेवणें झाल्यावर म्हातारीजवळ बसा. घाई करूं नका, ती रडली तर रडूं द्या, आणि नको म्हणाली तर त्या दिवशीं पुरे करा. तेलुगूंत, गोंडींत, मराठींत, जशी बोलेल तसें लिहा. ज्याला लिहितां येत नसेल त्यानें शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें. वही आमची, शाई आमची.