नावे चढवायची ती पावसाळ्यात



साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाडे दिवाळीनंतर ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर, काही कोंडाईबारीचा घाट उतरून दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्या कोयत्याबरोबर गेलेले तान्हे मूल कोणाच्याच मोजणीत येत नाही. मागे उरतात म्हातारी माणसे. अशा दिवसांत शिधापत्रिकांचे शिबिर भरवले, तर मंडपात येणार कोण? आणि मग शेरा मारला जातो, की लोकांत जागृती नाही!

जागृतीचा प्रश्न आहे, पण तो कार्यकर्त्यांच्याही पंचांगाचा आहे. ही माणसे अखाजीच्या सुमारास परततात आणि दिवाळीपर्यंत घरी असतात. कणगीतली नागली संपत आलेली असते तेही याच आषाढ-श्रावणात. नावे चढवण्याचे काम याच महिन्यांत झाले पाहिजे.

काम साधे दिसते, तसे ते नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य दिले. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी ५ किलो. म्हणजे शिधापत्रिका घरात असणे पुरेसे नाही, तिच्यावर प्रत्येकाचे नाव हवे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, पण नाव नसेल त्याला फुकटचेही मिळत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झाल्याखेरीज सासरी चढत नाही. त्या कागदासाठी माहेरच्या तहसील कचेरीत एक खेप, सासरी दुसरी. दोन्ही दिवसांची मजुरी बुडते. मग ते राहूनच जाते, आणि नेमक्या बाळंतपणाच्या वर्षी तिचे नाव कुठल्याच घरात नसते. कायद्याने अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले आहे. त्या मानाचा उपयोग सुनेचे नाव आधी लिहून घेण्यासाठी सासूने करावा, हे तिच्या ओट्यावर बसूनच सांगावे लागेल.

दुसरी अडचण शासनाची आहे. महाराष्ट्रासाठी ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के, एकूण सात कोटी सोळा हजार, असा इष्टांक २०११ च्या जनगणनेवरून ठरला. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. त्यानंतर जन्मलेली मुले जेवतात, पण हिशेबात नाहीत. ‘इष्टांक संपला’ हे उत्तर तोंडी ऐकून माघारी फिरणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी; तरी दाद लागली नाही तर याच कायद्यान्वये नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे.

अंगणवाडीच्या आहाराला तर शिधापत्रिका लागतच नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाचे मूल, गरोदर आणि स्तनदा माता यांचा तो हक्क आहे. फलकावर मात्र त्यांना ‘लाभार्थी’ म्हणतात, असो. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून मातांना एक वेळचे गरम जेवण ठरवलेले आहे. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. पाड्यावर बसून मुले मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहिला गुजरातचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राची पत्रिका गुजरातच्या दुकानात चालते. कोयत्यावर गेलेल्यांनी आपला वाटा तिकडे उचलावा आणि म्हाताऱ्यांनी उरलेला गावी, असेही करता येते. ही गोष्ट ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला ठाऊक आहे काय? तिचा अंगठा यंत्रावर उमटतो की नाही, हे गावच्या दुकानात आधीच पाहून घेतले पाहिजे. उसाच्या पाचटाने घासलेली बोटे परमुलखातल्या यंत्राने नाकारली, तर तिथे तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

म्हणून कार्यकर्त्याने वही घेऊन पिंपळनेर-दहिवेलच्या आठवडे बाजारात बसावे, अंगणवाडी सेविकेला सोबत घ्यावे, अहिराणीत, कोकणीत बोलावे, आणि मुकादम उचल वाटायला येतो त्याच्या आधी प्रत्येक घराचे पान भरलेले असावे.